अण्णांना न पटलेली गाडी

परवा कॉलेजच्या ऑफिसात आमच्या ग्रंथपाल सरांनी मला विचारलं, "मॅडम, तुमची सेडान कशी आहे हो? घ्यावी म्हणतोय. घरात आई-वडील, पोरं, सामानसुमान..." साधा प्रश्न. चार वर्षं मी ती गाडी चालवते आहे, उत्तर जिभेवर पाहिजे. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "डिकीचं पोट मोठंय, तोंड लहान." सर बघतच राहिले. माझा मलाच राग आला. ते वाक्य माझं नव्हतंच मुळी. ते आमच्या तळमजल्यावरच्या अण्णांचं. माझ्या गाडीबद्दल माझं म्हणून एक मत त्या माणसानं शिल्लक ठेवलेलं नाही!

अण्णा म्हणजे मल्लिनाथ कलशेट्टी. विजापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आणि सुमनकाकू तळमजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी दोघं मुलीकडे हैदराबादला गेले. अण्णांनी एका सूतगिरणीत पस्तीस वर्षं मेंटेनन्सचं काम केलं होतं. गिरणी बंद पडली, अण्णा चालूच राहिले. पांढऱ्या हाफ शर्टाच्या खिशात स्टीलचा टेप, टेस्टर आणि पेन्सिल. सोसायटीच्या पाण्याची मोटर कुरकुरायला लागली की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "बेअरिंग गेलंय. पंधरा दिवस काढील." मोटर पंधरा दिवस काढायची आणि बंद पडायची. डॉक्टर चुकेल, पण अण्णा चुकायचे नाहीत. आणि डोकं उठायचं ते त्यामुळंच. चुकणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

गाडी घ्यायची म्हटलं की बिल्डिंगमधला प्रत्येक जण आधी अण्णांकडे जायचा. सल्ला घ्यायचा, खट्टू व्हायचा आणि मग ठरवलेलीच गाडी घेऊन यायचा. पार्किंगमध्ये आमच्या अकरा गाड्या. अण्णांना त्यातली एकही पसंत नव्हती. "वाईट न्हाय" ही त्यांची वरची श्रेणी. माझ्या आठवणीत ती एकदाच कुणाला मिळाली, आणि तीसुद्धा उन्हाळ्यात पाण्याचे जार घेऊन येणाऱ्या टेम्पोला.

आणि स्वतःकडे गाडी? छे! एक जुनाट स्कूटर. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ते रागावायचे नाहीत. "घेणार की. बघायलोय," म्हणायचे. असं बघता बघता त्यांनी पाच वर्षं काढली.

गाडी हवी होती ती काकूंसाठी. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. घरात वॉकर धरून चालायच्या, पण स्कूटरवर पाय टाकणं बंद झालं होतं आणि एसटीची पायरी तर त्यांना डोंगरच. ऑपरेशन करायचं तर साखर फार, डॉक्टर नको म्हणाले होते. त्यांचं माहेर करमाळा. तिथंच दिलेली त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, तेव्हा या अक्कानंच काकूंना न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. त्या अक्काला अर्धांगाचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. काकूंना अक्काला भेटायला जायचं होतं. बस, एवढंच. सोनं नको, नाणं नको, काशी नको. करमाळा काही अमेरिकेत नाही, सोलापुरातनं निघालं तर तीन तासांचा रस्ता. त्या तीन तासांच्या आड अण्णांचा टेप उभा होता.

तो टेप का, तेही सांगते. काकूंचे गुडघे नुकतेच बिघडलेले, तेव्हा एका लग्नाला दोघं कुणा पाहुण्याच्या सेडानमधून गेले. कार्यालयाच्या दारात गाडी थांबली. गाडी बुटकी, सीट खोल. काकूंना उठताच येईना. चौघांनी धरून ओढलं. पदर सुटला, चप्पल गाडीतच राहिली, बँडवाले वाजवायचं थांबवून बघायला लागले. कुणीतरी हसलं. अण्णांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "भर कार्यालयात गं. गाठोडं काढावं तसं काढलं तिला." घरी आल्यावर त्यांनी काकूंची नेहमीची खुर्ची मोजली. जमिनीपासून साडेअठरा इंच. त्या खुर्चीतनं काकू कुणाच्या मदतीशिवाय उठायच्या. झालं. साडेअठरा इंचांवर सीट असलेली गाडी मिळाल्याशिवाय बायकोला गाडीत बसवायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. सेडान सगळ्या खाली. मोठ्या उंच गाड्या सगळ्या वर. "एक उठू देत न्हाय, एक चढू देत न्हाय. माणसं मोजून कोण गाडी करतंय का न्हाय?"

माझी गाडी आली ती या सगळ्याच्या मधेच. मी एका कॉलेजात हेडक्लार्क. बावीस वर्षं स्कूटी रेटल्यावर, नवऱ्याला ड्रायव्हिंग येत नसताना, स्वतः क्लास लावून, स्वतः शिकून मी गाडी घेतली होती. पांढरी, ऐसपैस, डिकीत सहा जणांच्या बॅगा बसतील अशी. रूपाभवानीला पूजा करून, चाकाखाली लिंबं चिरडून, हार घालून मी ती बिल्डिंगमध्ये आणली तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. सगळे जमले. पेढे वाटले. कुणी रंगाचं कौतुक केलं, कुणी आरशांचं. आणि अण्णा आले.

पेढा त्यांनी खिशात ठेवला. पुढच्या सीटकडे बघितलंही नाही. मागचं दार उघडून ते आत शिरले, बरोबर मधे बसले आणि दार ओढून घेतलं. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, गाडी बंद. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आम्ही पंधरा माणसं बाहेर हातात पेढे घेऊन उभी. माझी सासू म्हणाली, "अगं, झोपले का काय ते?" शेवटी घामानं निथळत बाहेर आले.

"पाच माणसांची गाडी म्हणून घेतलीस न्हवं?"

"हो."

"चार माणसांची हाय. पाचवा जो मधी बसणार, त्याच्या पायात हा उंचवटा. त्यानं एक पाय पुण्याकडं आणि एक पाय हैदराबादकडं ठेवून बसायचं. त्यानं काय पाप केलंय?"

मग टेप निघाला. सीट मोजली, दाराची फट मोजली, डिकीचं तोंड मोजलं. तेव्हाच ते पोटाचं आणि तोंडाचं वाक्य आलं. खरं होतं ते. काकूंचा वॉकर त्यांनी मुद्दाम आणून डिकीत घालून दाखवला. आडवा जाईना, उभा जाईना. आत जागा म्हणाल तर माणूस झोपेल एवढी! मागची एसीची झडप गुडघ्यांवर वारं सोडते आणि डोकं तापतंच, हे त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. काळा डॅशबोर्ड ज्यानं केला त्याला मे महिन्यात सोलापूरला आणून बसवा, हेही. मग शेजारच्या जोशींच्या सीएनजीच्या गाडीकडे वळून म्हणाले, "ह्यांच्यापेक्षा बरी. ह्यांनी डिकी विकत घेतली आणि गॅसच्या टाकीला भाड्यानं दिली." जोशी पेढा खाता खाता थांबले.

मी त्यांना विचारलं, "अण्णा, एक तरी चांगलं सांगा. आजच्या दिवस तरी."

त्यांनी विचार केला, अगदी मनापासून केला. "विकणाऱ्यासाठी एकदम चांगली गाडी हाय," म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण त्याच रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, मधल्या सीटवर कुणाला बसवायचं नाही. म्हणजे बघा.

अण्णांची गाडी बघायची पद्धत सगळ्या शोरूमना माहीत झाली होती. होटगी रोडच्या एका शोरूममध्ये तर ते काकूंची ती सागवानी खुर्चीच रिक्षात घालून घेऊन गेले. मीही बरोबर होते, कारण काकूंनीच मला पाठवलं होतं. "जा बाई तू. तू असलीस की घेऊन टाकतील एखादी." शोरूम काचेचं, थंडगार, फरशीत तोंड दिसेल असं. तिथं अण्णांनी चकचकीत नव्या सेडानच्या शेजारी आपली खुर्ची मांडली. तिथली विक्रीची मुलगी हसऱ्या तोंडानं आली, "सर, लेगरूम बघा, या सेगमेंटमध्ये सगळ्यात जास्त आहे."

"पाय ठेवायला जागा लई हाय," अण्णा म्हणाले. "पायावर उठायला कुटं हाय? बसा तुमी." त्यांनी त्या मुलीला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. "आता हाताचा आधार न घेता उठा."

मुलगी बावीस वर्षांची. टुणकन उठली.

"तसं न्हाय. गुडघ्यात काच भरलीय असं समजा आणि उठा."

आता ती काय समजणार? मॅनेजर आले. अण्णांनी त्यांना खुर्चीत बसवलं, मग गाडीत बसवलं, परत खुर्चीत बसवलं. माणूस जाडजूड होता, घामाघूम झाला. "बघा, तुमालाबी कळालं," अण्णा म्हणाले. मॅनेजर म्हणाले, "सर, सीटखाली जाड गादी टाकून घेऊ." अण्णांनी गादीचाही हिशेब करून ठेवला होता. गादीनं सीट वर येते, पण मग डोकं छताला लागतं आणि आत शिरताना मान मोडून शिरावं लागतं. सगळं बरोबर, शब्द न् शब्द बरोबर. आणि आम्ही खुर्ची घेऊन रिक्षानं परत. दारात काकू वॉकर धरून उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, रिक्षातून उतरणाऱ्या खुर्चीकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा मात्र वहीत आकडे लिहीत बसले होते.

दर रविवारी दुपारी करमाळ्याचा फोन यायचा. अक्काचा भाचा... नाही, दीराचा मुलगा तो, त्याची बायको उषा फोन लावून अक्काच्या कानाशी धरायची. काकू स्पीकर मोठा करायच्या, त्यामुळं जिन्यात आम्हालाही ऐकू यायचं. अक्काचं बोलणं झटक्यानं जडावलेलं.

"सुमे, कवा येतीस?"

"येते की अक्का. गाडी बघायलेत."

"कोण बघायलंय?"

"हे बघायलेत."

"अजून बघायलेतच व्हय?" अक्का म्हणायची आणि दोघी हसायच्या. पहिलं वर्षभर हसायच्या. मग पुढं पुढं अक्का तोच प्रश्न त्याच फोनमध्ये तीनदा विचारायला लागली. काकूही तीनदा तेच उत्तर द्यायच्या. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज सुकलेला असायचा. अण्णा समोर पेपर धरून बसलेले.

एकदा मी सरळ खाली गेले. म्हटलं, "अण्णा, मी नेते काकूंना करमाळ्याला. माझ्या गाडीतनं. उद्या."

"तुझ्या गाडीची सीट चौदा इंच वर हाय."

"मी धरून उठवीन."

"आणि मधी मोडनिंबला उतरावं लागलं तर? टेंभुर्णीला लागलं तर? हॉटेलच्या दारात तुझ्या एकटीच्यानं हुईल? बघ्यांची गर्दी जमंल. परत तेच."

"मग भाड्याची मोठी गाडी करा!"

भाड्याची गाडी त्यांची करून झाली होती. एकदा गेटपर्यंत आली होती ती. काकू नवं लुगडं नेसून, अक्कासाठी केलेल्या शेंगाच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत बसल्या होत्या. अण्णा बाहेर गेले, टेप लावला, ड्रायव्हरशी पाच मिनिटं बोलले आणि गाडी परत पाठवली. चढायला फूटबोर्ड नाही आणि टायर गुळगुळीत. टायर गुळगुळीत होतेच, मी गेटवर जाऊन बघितले होते. पण डबा? त्या पोळ्या आम्ही सगळ्या बिल्डिंगनं खाल्ल्या.

"तुम्हाला काकूंना न्यायचंच नाहीये," मी त्या दिवशी ओरडले. "नुसत्या खोड्या काढायच्यात. नाचता येईना अंगण वाकडं!"

अण्णांनी समोरची वही मिटली. मग हळू म्हणाले, "न्यायचंय म्हणूनच की गं. एकदाच घेणार, नीट घेणार. तिला राणीवाणी उतरता आलं पायजे." आणि मी बघितलं, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अशा माणसाचं काय करायचं, सांगा! हात टेकले मी. पाय आपटत वर आले. काकू त्या वेळी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. आमचं सगळं भांडण त्यांना ऐकू जात होतं.

दीड वर्षापूर्वी, मार्गशीर्षात, मंगळवारी सकाळी अकराला ऑफिसात माझा फोन वाजला. नाव अण्णांचं, आवाज काकूंचा. काकूंनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता.

"वैशाली, अक्कानं दोन दिवस झाले अन्न सोडलंय. उषाचा फोन आला होता. तू गाडी काढतीस का?"

मी हाफ डे टाकला आणि निघाले. पोचले तेव्हा काकू वॉकर धरून पार्किंगमध्ये येऊन उभ्या होत्या. अण्णा मागे मागे. "सुमन, ऐक माझं. ती सीट लई खाली हाय. तुला उठता येणार न्हाय. मी मोठी गाडी बोलावतो. दीड तासात येईल."

काकूंनी ऐकलंच नाही. मला म्हणाल्या, "मागचं दार पुरतं उघड." मी उघडलं. त्या गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. वॉकर माझ्याकडे दिला, एक हात दारावर, एक छतावर ठेवला आणि सावकाश सीटच्या कडेवर बसल्या. मग लुगडं सारखं करून एक पाय उचलून आत घेतला, मग दुसरा. वळून बसल्या. अर्धा मिनिट लागलं असेल.

मी तोंड उघडं टाकून बघत होते. "काकू, हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? रोज कॉटवर अशीच बसते की."

"आणि उठताना?" अण्णा म्हणाले. "तितं करमाळ्यात गल्लीत सगळ्यांम्होरं कार्यालयातल्यासारखं झालं म्हंजे?"

"काय झालं होतं कार्यालयात?" काकू म्हणाल्या. "लोक हसले, मीबी हसले. तुमी एकटेच हसला न्हाईत." मग सीटबेल्ट ओढत म्हणाल्या, "बसायचं असलं तर बसा. उशीर व्हायलाय."

वॉकर डिकीत गेला नाही तो नाहीच. मी तो अण्णांच्या मांडीवर दिला. मोहोळ गेलं, मोडनिंब गेलं, टेंभुर्णी गेली. कुठं उतरावं लागलं नाही. अण्णा वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. स्पीडब्रेकरवर गाडी खालून खरवडली, तरी नाहीत. मला ते बोलायला हवे होते. मला भांडायचं होतं.

करमाळ्यात घरासमोर गाडी थांबली. काकूंनी पाय बाहेर काढले आणि दोन्ही हात माझ्याकडे केले. "ओढ गं मला." मी ओढलं. पहिल्यांदा आम्ही दोघीही परत आत पडलो. दारात उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या, काकूही हसल्या, त्यातली एक पुढं आली आणि तिघींनी मिळून काम केलं. संपलं. पाच वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं.

आतल्या खोलीत अक्का कॉटवर पडलेली. एवढीशी झालेली. काकू उशाशी बसल्या, तिचा हात हातात घेतला. "अक्का, मी आले बघ. सुमी आले."

अक्कानं डोळे उघडले. बराच वेळ काकूंच्या तोंडाकडे बघितलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, पण अदबीनं. मग जड जिभेनं म्हणाली, "कुणाकडच्या तुमी? लांबून आलाव? जेवून जावा बरं."

काकूंचा हात तसाच राहिला. उषा दाराशी उभी होती, तिला रडू फुटलं. "दिवाळीपातुर वळखत हुत्या वो. गाडीचा आवाज आला की म्हणायच्या, बघ गं, सुमी आली का. दारावरनं कुणाची बी गाडी जाऊ दे, सुमी आली का. दिवाळीनंतर बंद झालं बघा सगळं."

अण्णा तिच्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते वळले आणि बाहेर गेले.

काकू रडल्या नाहीत. तासभर अक्काच्या केसातनं हात फिरवत बसल्या. माहेरच्या गोष्टी सांगत राहिल्या, विहिरीच्या, कमळाभवानीच्या जत्रेच्या, कुठल्याशा कपिला गाईच्या. अक्का भल्या माणसासारखं "व्हय, व्हय" म्हणत होती. उषानं दिलेली पेज काकूंनी चमच्यानं भरवली. चार चमचे अक्कानं घेतले.

मी बाहेर आले. अण्णा गाडीशेजारी उन्हात उभे होते. हात मागे बांधलेले, नजर चाकाकडे. मला बघून म्हणाले, "रस्ता लई खराब हुता टेंभुर्णीपुढं. पर गाडीनं हादरे मागं येऊ दिले न्हाईत. चांगली हाय गं गाडी तुझी."

एरवी मी ते वाक्य फ्रेम करून भिंतीला लावलं असतं. त्या वेळी ते ऐकून माझं डोकं फिरलं. "गप बसा अण्णा," मी म्हणाले. "आता चांगली झाली होय? बैल गेला आणि झोपा केला! दिवाळीच्या आधी चांगली असती तर? तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का हो, तुला या गाडीत बसता येतंय का म्हणून? एकदा तरी?"

त्यांनी मान हलवली. नाही.

आणि मग मीही चाकाकडे बघायला लागले. कारण मी तरी कुठं विचारलं होतं? इतकी वर्षं मी अण्णांशी भांडले. जिन्यात भांडले, शोरूममध्ये भांडले, त्यांच्या पुढच्या खोलीत उभी राहून ओरडले. दहा फुटांवर स्वयंपाकघरात काकू भाजी निवडत बसल्या होत्या. आत जाऊन त्यांना विचारावं, काकू, येता का, निघू या का आपण, हे मला कधी सुचलंच नाही. मलाही अण्णांना हरवायचं होतं, दुसरं काय!

चारला निघालो. काकू मागच्या दाराकडे गेल्या नाहीत. पुढचं दार उघडायला लावलं, पाठ करून बसल्या, पाय आत घेतले. अण्णा वॉकर घेऊन एकटे मागे बसले. आरशात मला त्यांचं तोंड दिसत होतं. गिरणी बंद झाली त्या दिवशीही हा माणूस असा दिसला नसेल.

जेऊर गेल्यावर काकू बोलल्या. "वैशाली, रविवारी सुट्टी असती न्हवं तुला?"

"असते की."

"मग परत यायचं. त्याच्या पुढच्या रविवारीबी. पेट्रोलाचं मी बघते. ती जेवून जा म्हणाली आणि मी तशीच उठले बघ. आता जेवूनच यायचं."

"येऊ या काकू."

मागून खाकरल्याचा आवाज आला. आता काहीतरी निघणार म्हणून मी स्टिअरिंग घट्ट धरलं. सीटची उंची निघेल, नाहीतर टायरची हवा निघेल.

"सुमन," अण्णा म्हणाले, "मी येऊ का?"

काकू समोर रस्त्याकडे बघत होत्या. उसाचा एक ट्रॅक्टर पुढे होता, तो मी ओलांडला.

"या की," त्या म्हणाल्या. "मागं जागा हाय."

मी आरशात बघितलं. अण्णा पुढं सरकून बसले होते. त्यांनी एक हात काकूंच्या सीटच्या पाठीवर ठेवला होता, खांद्याच्या अगदी जवळ, पण खांद्यावर नाही. सोलापूर येईपर्यंत तो हात तिथंच होता.